पट्टा कुणाच्या नावावर? स्वस्त डोमेन घेण्याआधी सीमाभागानं काय बघावं

आदिलाबाद : पैनगंगेच्या अलीकडे जमिनीच्या कागदाला पट्टादार पासबुक म्हणतात, पलीकडे सातबारा. कागद वेगळा, पण दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच असतो : नाव कुणाचं लागलंय? दोन एकर कापसाच्या रानासाठी आपण तहसीलच्या चकरा मारतो, फेरफार झाला की नाही ते दहादा विचारतो. पण आपल्या दुकानाच्या, शाळेच्या, ट्रस्टच्या किंवा पोर्टलच्या वेबसाईटचं नाव, म्हणजे डोमेन, कुणाच्या नावावर आहे असं विचारलं तर बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं : "ते साईट बनवणाऱ्या पोट्ट्याला माहीत."

आमचंही उत्तर तेच होतं. म्हणून हा लेख.

या पोर्टलचं पहिलं नाव आज आमच्याकडे नाही. ओळखीतल्या एका मुलानं डोमेन, होस्टिंग आणि लोगो असं सगळं एकाच पॅकेजमध्ये करून दिलं होतं. पैसे आम्ही दिले, पण नोंद झाली त्याच्या ईमेलवर. पुढं तो नोकरीला बाहेरगावी गेला, त्याचा नंबर बदलला, तो ईमेल उघडणंही त्यानं सोडलं. मुदत संपल्याच्या सूचना त्याच ईमेलवर येत राहिल्या आणि न वाचता पडून राहिल्या. एक दिवस किनवटहून एका वाचकाचा फोन आला, "भाऊ, तुमची साईट उघडली की सट्ट्याची जाहिरात येते, काहून?" तोवर सारं संपलं होतं. त्या मुलानं फसवलं नाही, कंपनीनंही नियमाबाहेर काही केलं नाही. चूक आमची होती. बातम्यांची प्रत कॉम्प्युटरवर होती, पण लोकांनी तीन वर्षं व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या, अर्जांना जोडलेल्या सगळ्या लिंक सट्ट्याच्या दारात जाऊन पडल्या.

त्यानंतर ‘स्वस्त आणि भरवशाचा रजिस्ट्रार कोणता?’ हा प्रश्न आम्हाला अनेकांनी विचारला. कुणी बेल्यातला बियाणं विक्रेता, कुणी इचोड्यातला क्लासवाला, कुणी पांढरकवड्याचा फोटोग्राफर. उत्तर एका कंपनीच्या नावात मावत नाही. बाजार कसा चालतो ते आधी समजून घ्यावं लागतं.

बँकांचं ठरलं, आपलं काय?

हा विषय आत्ताच का, तर बँकांनी नुकतेच आपले पत्ते बदलले. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं जाहीर केलं की भारतातल्या बँकांसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ हे राखीव नाव असेल. सगळ्या बँकांनी त्यावर यायची मुदत ३१ ऑक्टोबर २०२५ होती. कारण सरळ होतं. बँकेच्या नावासारखं दिसणारं नाव कुणीही शे-पाचशे रुपयांत घेऊन लोकांना गंडवत होता. आता हे राखीव नाव देण्याचं काम हैदराबादच्या आयडीआरबीटी या एकाच संस्थेकडे आहे.

असे राखीव वाडे आणखीही आहेत. ‘डॉट गव्ह डॉट इन’ फक्त सरकारी कार्यालयांना, एनआयसीमार्फत मिळतं. ‘डॉट एसी डॉट इन’ आणि ‘डॉट ईडीयू डॉट इन’ शिक्षणसंस्थांना, अर्नेट इंडियामार्फत. म्हणजे मान्यताप्राप्त कॉलेजच्या संचालकांना हा लेख पुढं वाचायचीही गरज नाही, त्यांचा रजिस्ट्रार ठरलेला आहे. पण दुकानदार, बचत गट, मंदिर समिती, शेतकरी उत्पादक कंपनी, स्थानिक पोर्टल यांना खुल्या बाजारातच जावं लागतं. तिथं ९९ रुपयांपासून दोन हजारांपर्यंत भाव लावलेले असतात.

नावाचा मक्ता

डोमेन विकत मिळत नाही, ते मक्त्यानं मिळतं. मक्ता एका वर्षापासून जास्तीत जास्त दहा वर्षांचा. मुदतीआधी पैसे भरले तर रान तुमच्याकडेच राहतं, नाही भरले तर दुसऱ्याकडे जातं.

या व्यवहारात तीन पायऱ्या आहेत. सगळ्यात वर रजिस्ट्री, म्हणजे मूळ वही जिच्याकडे आहे ती संस्था. ‘डॉट कॉम’ची वही अमेरिकेतल्या व्हेरिसाईनकडे आहे. ‘डॉट इन’ची वही २००३ मध्ये स्थापन झालेल्या निक्सी या भारतीय संस्थेकडे आहे. २००५ मध्ये निक्सीनं हे नाव सगळ्यांसाठी खुलं केलं. दुसरी पायरी रजिस्ट्रारची. त्याला वहीत नोंद करायचा परवाना असतो : डॉट कॉमसाठी आयकॅन या जागतिक संस्थेचा, डॉट इनसाठी निक्सीचा. तिसरी पायरी रिसेलर, म्हणजे रजिस्ट्रारकडून घेऊन पुढं विकणारा. गावातला साईट बनवणारा बहुतेक वेळा या तिसऱ्या पायरीवर असतो, किंवा नुसता गिऱ्हाईक म्हणून तुमच्या वतीनं नोंद करत असतो.

रिसेलर वाईट असतो असं नाही. पण तुमची तक्रार वर पोचायला एक दार वाढतं. म्हणून पहिलं काम : ज्याच्याकडून घेताय तो स्वतः रजिस्ट्रार आहे का ते बघा. आयकॅन आणि निक्सी, दोघांच्याही वेबसाईटवर परवानाधारकांच्या याद्या आहेत. यादीत नाव नसेल तर त्याला विचारा, "तुम्ही कोणत्या रजिस्ट्रारमार्फत नोंद करता?" उत्तर टाळलं तर उठून या.

९९ रुपयांचं गणित

आता भावाकडे येऊ. कापसाचा हमीभाव माहीत असला की व्यापारी कमी भाव देतोय हे लगेच कळतं. डॉट कॉमलाही असा एक पायाचा भाव आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये व्हेरिसाईनचा घाऊक दर वर्षाला १०.२६ डॉलर झाला. २०२१ पर्यंत तो ७.८५ होता. त्यावर आयकॅनची काही सेंटची फी. डॉलर ८५ ते ९० रुपयांच्या दरम्यान धरला तर रजिस्ट्रारला एक डॉट कॉम साधारण ९०० रुपयांना पडतं. त्यावर गिऱ्हाइकाला १८ टक्के जीएसटी.

मग कुणी डॉट कॉम ९९ रुपयांना देत असेल तर तो दान करत नाही. तो पहिल्या वर्षी तोटा खातो आणि दुसऱ्या वर्षापासून वसूल करतो. एक नमुन्याचं गणित मांडू. पहिल्या दुकानात पहिलं वर्ष ९९ रुपये आणि नूतनीकरण १,५०० रुपये. दुसऱ्या दुकानात दरवर्षी ९५० रुपये. पाच वर्षांत पहिल्या दुकानाला ६,०९९ रुपये जातात, दुसऱ्याला ४,७५०. जीएसटी धरला तर ७,१९७ आणि ५,६०५. ‘स्वस्त’ दुकान दीड हजारानं महाग पडलं.

म्हणून भाव बघायचा तो पहिल्या वर्षाचा नाही, नूतनीकरणाचा. तो बारीक अक्षरात असतो, किंवा पैसे भरायच्या पानावर जाईपर्यंत दिसतच नाही. जो रजिस्ट्रार हा आकडा समोर लिहितो, तो निदान व्यवहाराला साफ आहे असं धरायला हरकत नाही.

दोन सापळे आणखी. एक : ‘डॉट ऑनलाईन’, ‘डॉट साईट’, ‘डॉट शॉप’ अशी नवी नावं पहिल्या वर्षी कवडीमोल मिळतात. डॉट कॉमचा घाऊक दर वर्षाला किती वाढवायचा याला कराराची मर्यादा आहे. या नव्या नावांना तशी मर्यादा नाही. दोन : पैसे भरताना टोपलीत आपोआप पडणाऱ्या जादा वस्तू. ‘प्रायव्हसी’, ‘प्रोटेक्शन’, ‘वेबसाईट बिल्डर’, तीन महिन्यांचा ईमेल. बरेच रजिस्ट्रार डॉट कॉमवर मालकाची माहिती झाकण्याची सोय फुकट देतात, तिथं तिचे पैसे भरू नका. डॉट इनला तर निक्सीच्या नियमांप्रमाणे मालकाचं नाव आडनावानं झाकणारी सेवा चालतच नाही. नको त्या खुणा काढूनच पुढं जा.

नुसत्या भावावर जायचं तर क्लाउडफ्लेअर ही कंपनी २०१८ पासून डोमेन घाऊक दरातच विकते, वर नफा लावत नाही. अट अशी की नाव तिच्याकडे असेपर्यंत तिचेच नेमसर्व्हर वापरावे लागतात. आणि परदेशी कंपन्यांच्या बाबतीत आपल्याकडे एक व्यवहारी अडचण आहे. रिझर्व्ह बँकेचे कार्डावरच्या आपोआप वसुलीचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून कडक झाले. तेव्हापासून परदेशी कंपन्यांचं ‘ऑटो रिन्यू’ भारतीय कार्डावर अनेकदा अडकतं. आपण निर्धास्त, आणि तिकडे मुदत संपलेली. ज्याला रुपयांत आणि यूपीआयनं भरायचंय त्यानं भारतात सेवा देणारा रजिस्ट्रार घ्यावा. ज्याला डॉलरमध्ये भरायला जमतं त्यानंही एकदम तीन-पाच वर्षांचे पैसे भरून टाकावेत.

भरवसा म्हणजे काय?

मोठी कंपनी म्हणजे भरवसा, असं आपल्याला वाटतं. दोन दाखले बघा.

नेट फोर इंडिया ही आपल्या देशातली जुनी, नावाजलेली रजिस्ट्रार कंपनी. २०१९ मध्ये ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि प्रकरण राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणापुढे आलं. पुढच्या काळात तिच्या गिऱ्हाइकांची नावं नूतनीकरणाला अडकली. दुसरीकडे जाऊ म्हटलं तर बदलीचा कोड मिळेना. आयकॅनकडे तक्रारींचा ढीग पडला. शेवटी २०२१ मध्ये आयकॅननं परवाना काढला आणि तिच्याकडची नावं पब्लिक डोमेन रजिस्ट्री या दुसऱ्या रजिस्ट्रारकडे सोपवली. अशा वेळी नवा रजिस्ट्रार मालकाला शोधतो तो नोंदीतल्या ईमेलवरून. नोंदीत तुमचा ईमेल असेल तर पत्र तुम्हाला येतं. डिझायनरचा असेल तर त्याला जातं.

दुसरा दाखला झोहोचा. चेन्नईची ही कंपनी आज सगळ्यांना माहीत आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये तिचं मुख्य नावच तिच्या अमेरिकी रजिस्ट्रारनं बंद केलं. फिशिंगच्या मोजक्या तक्रारी आल्या होत्या, तेवढ्यावरून. जगभरच्या गिऱ्हाइकांचं काम अडलं. संस्थापक श्रीधर वेंबूंना ट्विटरवर जाहीर मदत मागावी लागली. नाव सुटल्यावर झोहोनं ते दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवलं. एवढ्या मोठ्या कंपनीला वेळेत दाद मिळाली नाही, तर आदिलाबादच्या दुकानदाराला मिळेल का, हे घेण्याआधीच तपासलेलं बरं. विकत घेण्याआधी मदत क्रमांकावर एक फोन करून बघा. विक्रीचा फोन सगळेच उचलतात. तुम्ही नूतनीकरणाचा किंवा बदलीचा प्रश्न विचारा.

कंपनीचे मालकही बदलत असतात. मुंबईच्या भाविन आणि दिव्यांक तुरखिया या भावांनी उभ्या केलेल्या डायरेक्टी समूहाचा बिगरॉक हा ब्रँड आपल्याकडे घरोघरी पोचला. २०१४ मध्ये तो व्यवसाय अमेरिकेच्या एन्ड्युरन्सकडे गेला, आणि २०२१ मध्ये एन्ड्युरन्सचा तो भाग न्यूफोल्ड डिजिटलमध्ये आला. यात वावगं काही नाही, धंद्यात असं होतं. पण आज ज्याच्यावर भरवसा टाकला तोच पाच वर्षांनी गल्ल्यावर बसलेला असेल, असं धरून चालू नये.

मग भरवसा कशावर ठेवायचा? निघून जाण्याच्या हक्कावर. आयकॅनच्या नियमाप्रमाणे डॉट कॉमसारख्या नावांचा बदलीचा कोड मागितल्यापासून पाच दिवसांत द्यावा लागतो. नवी नोंद किंवा बदली झाल्यावर पहिले साठ दिवस सहसा हलता येत नाही, पण नंतर वाट मोकळी असते. बदली करताना भरलेले पैसेही वाया जात नाहीत, डॉट कॉमची मुदत त्यानं एक वर्ष वाढते. ज्या रजिस्ट्रारच्या पॅनेलमध्ये हा कोड एका बटणावर मिळतो तो चांगला. जो ‘कस्टमर केअरशी बोला’ म्हणून फिरवतो त्याच्यापासून लांब राहा.

मुदत संपल्यावर

आमचं नाव कसं गेलं तेही सांगतो, म्हणजे तुमचं वाचेल. डॉट कॉमबाबत रजिस्ट्रारनं मुदतीच्या साधारण महिनाभर आधी, मग आठवडाभर आधी, आणि मुदत संपल्यावर पाच दिवसांच्या आत सूचना द्यायची असते. मुदत संपल्यावर पंचेचाळीस दिवसांपर्यंत सवलत मिळू शकते, पण किती द्यायची ते रजिस्ट्रार ठरवतो. काही जण त्याआधीच नाव लिलावात काढतात. नाव खोडलं गेलं की तीस दिवस ते परत मिळवता येतं, पण मोठा दंड भरून. त्यानंतर पाच दिवसांनी ते कुणालाही खुलं. जुन्या नावावर येणारी वर्दळ मोलाची असते. म्हणून अशा नावांवर टपून बसलेले असतात, आणि तिथंच सट्ट्याच्या साईट उगवतात.

कायद्यानं नाव परत मिळतं का? काही वेळा मिळतं. डोमेनला व्यापारचिन्हासारखं संरक्षण आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात मान्य केलं. त्याआधी १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं रेडिफच्या नावाशी मिळतंजुळतं नाव वापरणाऱ्याला अडवलं होतं. डॉट इनसाठी तक्रार निवारणाची वेगळी लवादपद्धतही आहे. पण हे सगळं वकील आणि फी परवडणाऱ्यांचं काम. वर्षाला हजार रुपये भरायचं विसरलेल्या छोट्या माणसाला तो रस्ता महागच पडतो.

कॉम, इन की भारत?

सीमेच्या दोन्ही बाजूंना गिऱ्हाईक असलेल्याला आमचा सल्ला डॉट इनचा. वही भारतात आहे, दर डॉलरला बांधलेला नाही, आणि तेलुगु-मराठी दोघांनाही ते सहज टंकता येतं. अनेक रजिस्ट्रार डॉट इनसाठी ओळखपत्राची पडताळणी मागतात. ती कटकट मानू नका. त्या कागदावर तुमचंच नाव लागतं, आणि आपल्याला तेच तर हवं आहे.

‘डॉट भारत’ हे देवनागरी नाव २०१४ पासून मिळतं, आणि मराठी त्यात पहिल्या खेपेपासून आहे. मराठी पोर्टलला ते शोभतं. पण अडचणी आहेत. लिंक पुढं पाठवली की काही ॲपमध्ये तिचं रोमन अक्षरांचं न वाचता येणारं रूप दिसतं. त्या पत्त्याचा ईमेल अनेक फॉर्म घेत नाहीत. निर्मलच्या तेलुगु मित्राला तर ते टंकताच येत नाही. म्हणून ते जोडीला घ्या, एकटं नको.

या आठवड्यात एवढं करा

ज्यांची साईट आधीपासून आहे त्यांनी चार गोष्टी तपासा. डोमेनची माहिती दाखवणाऱ्या पानावर आपलं नाव टाकून मुदत आणि रजिस्ट्रार बघा. रजिस्ट्रारच्या खात्याचा पासवर्ड तुमच्याकडे आहे का? नोंदीत मालक म्हणून तुमचं किंवा संस्थेचं नाव, तुमचा ईमेल आणि तुमचा मोबाईल आहे का? जीएसटीचं बिल कुणाच्या नावे निघतं? यातलं एकही उत्तर ‘नाही’ असेल तर साईट बनवणाऱ्याला प्रेमानं, पण आजच फोन करा. तो गावात आहे तोवर हे काम दहा मिनिटांचं आहे. संस्थेचा ईमेल संस्थेच्याच नावानं काढा, आणि पासवर्ड दोघांकडे ठेवा. सचिव बदलला म्हणून नाव जायला नको.

नवं घेणाऱ्यांनी यादीतला रजिस्ट्रार घ्यावा, नूतनीकरणाचा भाव पाच वर्षांनी गुणून बघावा, आणि बदलीचा कोड कुठं मिळतो ते पैसे भरण्याआधी विचारावं. डिझायनरला त्याच्या कामाचे पैसे जरूर द्या, पण डोमेनचे पैसे स्वतःच्या खात्यातून भरा.

आपल्या भागाला हे नव्यानं शिकवायची गरज नाही. १९५६ मध्ये किनवट, राजुरा आदिलाबादेतून पलीकडे गेले. २०१६ मध्ये आदिलाबादचेच चार जिल्हे झाले. जिवतीकडच्या गावांतल्या लोकांकडे आजही दोन्ही राज्यांची मतदार ओळखपत्रं आहेत. नोंद एकीकडे आणि घर दुसरीकडे असलं की काय भोगावं लागतं, ते इथल्या माणसाला विचारा. जमिनीच्या बाबतीत ते आपल्या हातात नव्हतं. वेबसाईटच्या नावाच्या बाबतीत आहे.